पेटी बंद असताना

सकाळी देवदर्शन करून आली की तारामती मागच्या पडवीत पाट घेऊन बसे आणि पाय तयार करी. घरात सगळे त्याला तसंच म्हणत, 'पाय तयार करणं'. गुडघ्याच्या वर, मांडीच्या आतल्या अंगाला, कातडीखाली रुपयाएवढी चकती शिवलेली होती. बोट फिरवलं की तिची कड हाताला लागे. त्या जागेवर ती तारेचं वेटोळं चिकटपट्टीनं बसवी, वेटोळ्याची वायर साडीच्या आतून कमरेच्या पेटीला जोडी आणि शेवटी उजव्या पायात बूट घाली. बुटाच्या टाचेत एक कळ होती. टाच जमिनीवरून सुटली की बूट पेटीला कळवी, पेटी चकतीला, चकती गुडघ्याजवळच्या नसेला टोचे आणि लोंबता पंजा वर उचलला जाई. टाच टेकली की सगळं गप्प. बूट आणि पेटी यांच्यात तार नव्हती. पेटी आणि चकती यांच्यात तर तिची स्वतःची कातडीच होती.

घर जैनांचं; पहिला बूट चामड्याचा आला, तेव्हा सासूबाईंनी, पानाबाईंनी, तो घरात घेऊ दिला नाही. मग दुलीचंदनं कॅनव्हासचा मागवला. दुलीचंद तिचा नवरा. कारंज्याच्या बाजारात त्याचं कापडाचं दुकान होतं. तो फार बोलणारा माणूस नव्हता, पण बायकोला पुन्हा चालवायचं एवढं त्यानं मनावर घेतलं आणि त्यासाठी अरुंद रुळांच्या छोट्या गाडीनं मूर्तिजापूर, तिथून मुंबई अशा खेपा घातल्या.

बाळंतपणात तिचं उजवं अंग गेलं होतं. आठवडाभर शुद्ध नव्हती. शुद्धीवर आली तेव्हा पानाबाईंनी सांगितलं, मुलगा होता, मेलेलाच जन्मला. दुलीचंद तेव्हा खरेदीसाठी सुरतेला होता. दाईला घेऊन पानाबाईंनीच सगळं उरकलं होतं. कुठे पुरलं, हे तारामतीनं एकदा विचारलं. पानाबाई म्हणाल्या, "माती मातीत गेली. जागा विचारू नये." दाई पुढच्या पावसाळ्यात वारली. हळूहळू हात परत आला, तोंडाचा वाकडेपणा गेला. पंजा मात्र मेल्यासारखा लोंबत राहिला.

मुंबईच्या दवाखान्यात तिच्या शेजारच्या खाटेवर भागिरथा होती. धनज गावची, नवरा जानराव तिथल्या शाळेत शिपाई. तिचंही बाळंतपण त्याच महिन्यातलं, तिचाही उजवा पाय गेलेला. फरक एवढाच की तिची लेक जगली होती आणि गावात आजीजवळ होती. परदेशात शिकून आलेल्या डॉक्टरांनी येताना दोनच यंत्रं आणली होती, ती या दोघींना बसली. भागिरथा पहिल्यांदा चालत खाटेजवळून गेली, तेव्हा निजलेल्या तारामतीचा पंजा आपोआप उचलला गेला. ती केवढ्यानं ओरडली!

डॉक्टर हसले. म्हणाले, "दोन्ही यंत्रं एकाच लहरीवर आहेत. एकीची पेटी दुसरीच्या अगदी जवळ आली की असं होणार. हातभर लांब राहा, काही होत नाही. आतल्या चकतीत सेल नसतो. बाहेरून लहर मिळाली तरच ती जागी होते."

मग तो दोघींचा खेळच झाला. भागिरथा मुद्दाम खाटेला खेटून चाले आणि म्हणे, "पाहा ताई, मी चालून राह्यली अन् पाय तुमचा नाचून राह्यला!" बाळंतपणानंतर तारामती पहिल्यांदा हसली ती तिथे.

कारंज्याला परत आल्यावर पहिला हिवाळा बरा गेला. ती काठीशिवाय चालू लागली. भागिरथाची मात्र नंतर भेट झाली नाही.

उन्हाळा सुरू झाला तेव्हा एका दुपारी ती ओसरीवर गहू निवडत बसली होती. बूट काढलेला, वेटोळं काढलेलं, पेटी आत कपाटात. कापसाचं जिनिंग बंद असल्यामुळे गाव कसं निपचित पडलं होतं. नडगीच्या बाहेरच्या बाजूला मुंग्या आल्या आणि पंजा उचलला गेला. खाली आला. पुन्हा उचलला गेला. मग थांबला.

नसेचा खेळ असेल, असं म्हणून तिनं सूप पुढे ओढलं. पण दुसऱ्या दिवशी तसंच झालं, आणि त्यानंतर रोजच होऊ लागलं. तारामती मॅट्रिक झालेली होती, एकदम घाबरून जाणारी नव्हती. तिनं शेजारचा रेडिओ चालू असताना पाहिलं, बंद असताना पाहिलं. पेटीतले सेल काढून ठेवले. पेटी दुलीचंदबरोबर दुकानात पाठवून पाहिली. पाय उचलला जायचा तो जातच होता. त्याला एक चाल होती. दोन उचल, थांबा. पुन्हा एक. मग भराभर तीन-चार, आणि मधेच तुटल्यासारखं बंद.

तिला वाटलं, ही भागिरथा. धनजहून इथवर लहर येणं शक्य नाही हे तिला कळत होतं, तरी तसं वाटलं आणि वाटून बरं वाटलं. चालताना भागिरथाही अशीच अडखळे, दम खाई. आता पाण्याला निघाली, आता पोरगी कडेवर घेऊन थांबली, असं तारामती मनाशी म्हणे. घरात तिच्याशी बोलणारं कोणी नव्हतं. दुपारची ती सोबत तिला हवीशी होऊन बसली. त्या वेळेला ती काम बाजूला ठेवून पाय मोकळा सोडून बसू लागली.

पानाबाईंनी ते पाहिलं. "पाय काहून हालवतं?"

"मी नाई हालवत, आई."

पानाबाई बराच वेळ पायाकडे बघत राहिल्या. मग उठून आत गेल्या. त्या दिवसापासून दुपारी त्या ओसरीवर यायच्या बंद झाल्या.

वैशाखात, बाजाराच्या दिवशी, भागिरथा अचानक दारात उभी राहिली. जानराव बी-बियाणं घ्यायला गेला होता. ती काठी टेकत आली होती आणि पाय फरफटत होता. बरोबर तिची लेक, नुकतीच चालायला लागलेली.

तारामतीनं विचारलं, "भागिरथा, पेटी कुठं आहे तुझी?"

"पेटी? थे तं दिवाळीतच बिघडली, ताई. पोरीनं वायर वढली, तुटून गेली. मुंबईले धाडाची तं कोनाच्या हाती धाडाव?" ती ओसरीच्या कडेला बसली. "तुमाले सांगाले आली मी. तुमी चालता थे मले कयते. रोज दुपारी. माहा पाय उचलते. आंधी भेव वाटलं, मंग म्हनलं, तारामतीताई चालून राह्यल्या, बरं हाय."

तारामतीच्या हातातला पाण्याचा गडू तसाच राहिला.

"दुपारी मी चालत नाई. दुपारी मी इथं बसलेली असते. मले वाटलं, तू चालतेस."

अंगणात पोरगी रांजणाला धरून उभी होती. तेवढ्यात तारामतीच्या नडगीला मुंग्या आल्या. तिनं साडीचा काठ वर घेतला. भागिरथानंही घेतला.

दोन्ही पंजे एकाच वेळी उचलले गेले. एकाच वेळी खाली आले. एक गोरा पंजा, पायात जोडवी. दुसरा भेगाळलेला, सावळा. दोन उचल, थांबा. पुन्हा एक. कोणाच्याही कमरेला पेटी नव्हती.

भागिरथा आधी पायाकडे, मग अंगणाकडे बघत होती. पोरीनं रांजण सोडला, दोन पावलं टाकली, डुलली, थांबली. मग भराभर तीन-चार पावलं टाकून बदकन बसली.

"हे मोठ्या मानसाचं चालनं नाई, ताई," भागिरथा हलक्या आवाजात म्हणाली.

तारामती पायाकडे वाकली.

"आता पडलं पाहा. जरा दम धरा. आता उठन." पाय थोडा वेळ स्वस्थ राहिले आणि मग पुन्हा उचलले गेले. भागिरथानं दोन्ही हातांनी आपला पंजा जमिनीवर दाबून धरला. "नवीन शिकून राह्यलं हे. लेकरू हाय."

जाताना तिनं पोरीला कडेवर घट्ट घेतलं होतं. उंबऱ्याशी वळून म्हणाली, "राग नका मानू, ताई. मी काढून टाकतो माही चकती. माही लेक माह्यापाशी चालते. दुसऱ्याचं लेकरू मले पायात नको."

दुलीचंदनं पोस्टातून मुंबईला ट्रंक कॉल लावला. डॉक्टर म्हणाले, तिसरं यंत्र देशात नाही, आणि असतं तरी इतक्या लांबून असं होणार नाही. फार त्रास असेल तर चकती काढून टाका, अकोल्याचा कोणताही सर्जन काढील.

तारामती म्हणाली, "मले काई त्रास नाई."

आता तिला चाल ओळखू येत होती. सकाळी पाय शांत असे. दुपारी पावलं सुरू होत. पडणं कमी झालं होतं. एखाद्या दिवशी पावलं मधेच थबकत, जसं काही पाहायला थांबावं. तिनं कापडाचं एक टोपडं शिवून जवळ ठेवलं. मग लाज वाटून उसवलं. आपण वेड्या झालो असं तिला वाटे, पण ते दुपारपुरतं वाटत नसे.

चकती ठेवायला विरोध झाला तो पानाबाईंचाच. त्यांनी जेवण टाकलं. दुलीचंदला म्हणाल्या, "थे लोखंड तिच्या अंगातून काढ, नाईतं मी ह्या घरात राहत नाई." दुलीचंदनं दोघींच्या मध्ये उभं राहून हात जोडले.

तारामती म्हणाली, "काढते. जागा सांगा, मंग काढते."

पानाबाई भिंतीकडे तोंड करून निजल्या. तिसऱ्या उपासाला त्यांना घेरी आली, आणि दुलीचंदचा रडवेला चेहरा बघून तारामती मोटारीत बसली.

अकोल्याला चकती काढली. सर्जननं ती काचेच्या बशीत तिला दाखवली. काळपट, गुळगुळीत, दोन बारीक तारा लोंबणारी. "नेता का?" त्यानं विचारलं. ती नाही म्हणाली.

घरी परतल्यावर दुपार आली. ती ओसरीवर पाय सोडून बसली. पाय निर्जीव होता. दुसऱ्या दिवशीही तसाच. श्रावण लागला, अंगणात शेवाळ धरलं, तिनं पुन्हा काठी घेतली. आपण कोणाला तरी हात सोडून रस्त्यात उभं करून आलो आहोत, असं तिला आतून वाटत राही. ते तिनं कोणाला सांगितलं नाही.

भाद्रपदात घरातले सगळे देवळात असत. पानाबाई मात्र जाईनाशा झाल्या. आयुष्यात त्यांनी पर्युषणाचं देऊळ चुकवलं नव्हतं. गुडघा धरला म्हणत आणि आतल्या खोलीत, उकाड्यातही पायांवर गोधडी घेऊन बसत. दुपारी खोलीचं दार आतून लावून घेत.

एका दुपारी देवळातून परतून तारामती त्यांच्यासाठी पाणी घेऊन गेली. दार नुसतं लोटलेलं होतं.

पानाबाई पलंगावर पाय सोडून बसल्या होत्या. गोधडी गुडघ्यांवर होती. एका जागी ती वर येत होती आणि खाली जात होती.

तारामतीनं तांब्या खाली ठेवला. ती काठीवर भार देऊन जमिनीवर बसली.

"कवापासून, आई?"

"तू अकोल्याहून आली तवापासून."

बाहेर पागोळ्यांचं पाणी हंड्यात पडत होतं. पानाबाईंचा आवाज अगदी साधा होता, हिशेबाचं काही विसरलेलं आठवावं तसा.

"दाई म्हने, गेलेलं आहे. मी हात लावून पाह्यला, थंडच होतं. तू मरून राह्यली होती, मले तुझ्याकडं पाहायचं होतं. कपड्यात गुंडाळून खाली ठेवलं. दाई माती लोटाले लागली. तवा कपडा हालला. पायाकडचा. मी म्हटलं, वारं आहे."

गोधडी वर आली, खाली गेली. आता थांबे फार कमी झाले होते.

"कोनता पाय हालला, आई?"

पानाबाईंनी गोधडीचा काठ धरला आणि हळूच बाजूला केला.