काचेखालचं बोट

विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका, पोरांनो, माझा आग्रह नाही. पण ज्याच्यावर हे बेतलं तो खोटं बोलणाऱ्यातला नाही. खोटं बोलायला जी कल्पनाशक्ती लागते, ती त्याच्याकडे औषधालाही नाही. आमचा भिंग. जाड चष्म्यामुळे हे नाव पडलं, आता बायकोही त्याच नावाने हाक मारते. मी ग्रंथालयात बाइंडर होतो तेव्हा तो नवीन लागला, आणि पुढे जुनी वर्तमानपत्रं ऑनलाइन टाकायचं काम त्याच्या गळ्यात पडलं.

तर नोव्हेंबरची सतरा तारीख, सोमवार. रात्रीचे पावणेनऊ. जेवण आटोपून भिंगाने पायात चपला सरकवल्या.

"आता कुठे?" बायकोने विचारलं.

"एक पान राहिलंय. अर्ध्या तासात आलो."

"चार वर्षं तुझं एकच पान राहिलंय," ती म्हणाली.

खरंच होतं तिचं. त्या कामाने त्याला पिळून काढलं होतं. मशीन एक दिवस चालायचं, तीन दिवस रुसायचं. इंटरनेट नव्वद टक्क्यांवर येऊन मान टाकायचं. साहेबांना पानांचा आकडा हवा असायचा. पान वाचता येतं की नाही, याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. स्कॅन झालेले गठ्ठे ठेवायला जागा नाही म्हणून ते सरळ लगद्याच्या कारखान्यात जायचे. मंगळवारी सकाळी आठला गाडी येणार होती. आणि नेमक्या एका पानापुढे संगणक सारखी लाल खूण दाखवत होता. नापास.

त्यात दुपारी ती शिक्षिका येऊन गेलेली, वर्षभरात सातव्यांदा. तिचे आजोबा रेल्वे फाटकावर कामाला होते. साठ वर्षांपूर्वी तिथे अपघात झाला, अकरा माणसं गेली, आणि पेपरने पहिल्या पानावर छापलं की फाटकवाला दारू पिऊन झोपला होता. त्यानंतर आजोबांनी बाहेर तोंड दाखवलं नाही. वर्षाच्या आत गेले.

"आजी मरेपर्यंत सांगायची, पेपरने नंतर चूक कबूल केली होती," शिक्षिका म्हणाली. "पण तुमच्या साइटवर आजोबांचं नाव टाकलं की फक्त तो आळच समोर येतो."

"मग नसेलच छापलं, बाई."

"की तुम्ही नीट शोधलं नाही?"

भिंग भडकला. "लाखभर पानं आहेत आणि मी एकटा आहे!" बाई निघून गेल्या. मग दिवसभर त्याला स्वतःचाच राग येत राहिला.

तळघरात जाऊन त्याने दिवे लावले. पान टेबलावर पसरलं, वरून काच दाबली, कॅमेऱ्याचं बटण दाबलं. लाल. पानावर एके ठिकाणी सावली येत होती. काच पुसली. लाल. दिवे हलवले. लाल. पान उलटं फिरवलं, तर सावलीही पानाबरोबर फिरली. सव्वानऊपर्यंत अकरा फोटो झाले. त्याने मशीनच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि शेवटचा फोटो मोठा करून पाहिला.

सावली नव्हती ती. बोट होतं.

माणसाचं. म्हातारं, नख तुटलेलं. आधी त्याला वाटलं, आपलंच आलं असणार. मग हातांकडे पाहिलं. दोन्ही हातांत पांढरे मोजे होते.

आणि काच पानाला घट्ट चिकटलेली. मध्ये केस शिरला नसता. बोट काचेच्या खाली होतं.

त्याने टेबलाकडे पाहिलं. पान. काच. बाकी काही नाही.

पुन्हा फोटो काढला. बोट तिथेच.

तुम्ही-आम्ही पळालो असतो. तोही जिन्याकडे दोन पावलं गेला. पण चार वर्षांचा वैताग भीतीपेक्षा मोठा निघाला. रिकाम्या तळघरात तो ओरडला, "काय हवंय काय तुला? बोट काढ!"



रस्त्यावरून एक गाडी गेली. मग तोही आवाज नाही...

त्याने बटण दाबलं.

बोट सरकलं होतं. दोन इंच खाली, साबणाच्या मोठ्या जाहिरातीच्या तळाशी. नख एका ओळीला टेकलेलं.

तिथे चार ओळी होत्या. मुंगीएवढी अक्षरं. संगणकाने त्या जाहिरातीच्या चित्रातच जमा केल्या होत्या, त्यामुळे कितीही शोधलं तरी कुणाला सापडल्या नसत्या. भिंगाने काचेला नाक लावून वाचलं. दुरुस्ती. परवाच्या अंकात फाटकवाल्याबद्दल दिलेला मजकूर चुकीचा होता. तो शुद्धीवर आणि जागेवर होता. सिग्नल बिघडल्यामुळे त्याला गाडीची सूचनाच मिळाली नाही. चुकीबद्दल दिलगीर आहोत.

फाटकवाल्याचं नाव दिलं होतं. तेच.

त्याने त्या ओळी हाताने टाइप केल्या. फोटो घेतला. बोट नव्हतं. हिरवं. पान साइटवर चढवलं, ते एकदाही अडकलं नाही. शोधायच्या चौकटीत नाव टाकलं. एकाऐवजी दोन निकाल आले.

पावणेअकरा झाले होते, तरी त्याने शिक्षिकेला फोन लावला. ओळी वाचून दाखवल्या.

"बाई? ऐकताय ना?"

"पुन्हा वाचा."

त्याने पुन्हा वाचलं. शेवटच्या शब्दाला पाठीमागे कुणीतरी श्वास सोडला. लांब. अगदी कानाशी.

"तुमच्याबरोबर कुणी आहे का?" बाईंनी विचारलं.

तो वळला नाही. पान फाइलीत घातलं. जिना चढला. दिवे तसेच राहिले.

सकाळी साहेबांशी भांडून त्याने ते पान गाडीतून वाचवलं आणि माझ्याकडे आणलं. "कडा तेवढ्या चिकटवून द्या, बाईंना द्यायचंय," म्हणाला. कागद पाचोळ्यासारखा झाला होता, हात लावला की तुकडे पडत. मी ब्रशने धूळ झाडली आणि हलकाच अंगठा फिरवत फिरवत खाली आलो. साठ वर्षांची शाई, ठणठणीत कोरडी. जाहिरातीच्या तळाशी पोचलो...

चाळीस वर्षं छापील कागद हाताळलाय मी.

त्या चार ओळी ओल्या होत्या.