तेलगूत लागलेली तहान

"निळू..."

गर्दीतून हाक आली आणि नीलिमा झर्रकन वळली.

वळली, आणि लगेच तिच्या लक्षात आलं — आपल्याला असं कोण हाक मारणार? ऑफिसात ती नीलिमा मॅडम होती. शेजारीपाजारी नीलाताई. आई नुसतं 'बाई' म्हणायची. निळू म्हणणारे एकटे तिचे वडील होते, नाना, आणि मागच्या उन्हाळ्यात नाना गेले.

तरी तिची नजर गर्दीत ती हाक शोधत राहिली.

समोर माणसांचा नुसता लोंढा होता. निर्मल गावाच्या अलीकडं, हायवेला लागून नवंच वॉटर पार्क निघालं होतं, आणि मे महिन्यातल्या त्या रविवारी निम्मा आदिलाबाद जिल्हा तिथं लोटला होता. लाटांच्या तलावाकडं जाणारी रांग लोखंडी कठड्यांमधून वळणं घेत चालली होती. कठड्याला हात लागला की चटका बसे. पलीकडं निळंशार पाणी उसळत होतं, पोरं किंचाळत होती. अलीकडं ओठ सुकलेली माणसं एकमेकांच्या घामाला चिकटून उभी होती. भोंग्यावर तेलगू गाणं लागलं होतं.

"नीळ्ळू... कोंचम नीळ्ळू इव्वंडी..."

पुन्हा तोच आवाज. आता तो दिसलाही. कठड्यापाशी एक उंचसा तरुण एका म्हाताऱ्या बाईला दोन्ही हातांनी सावरून धरत होता. बाईचे डोळे मिटले होते, पदर खांद्यावरून ओघळला होता, आणि तो गर्दीकडं पाहून पाणी मागत होता.

म्हणजे ती हाक नव्हतीच. तेलगूत पाण्याला नीळ्ळू म्हणतात, हे आदिलाबादेत वाढलेल्या नीलिमाला काय नव्यानं कळायचं होतं? बाजारात, बसस्टँडवर रोज हा शब्द कानावर पडे. ती कधी वळली नव्हती. पण हा आवाज... त्या शेवटच्या 'ऊ'वर तो किंचित रेंगाळत होता. नाना अंगणात सायकल टेकवताना असेच रेंगाळत.

ती गर्दी कापत पुढं गेली. तिच्या खांद्यावर नानांची छागल होती. जाड किंतानाची पाण्याची पिशवी, वर लाकडी बूच. नाना खेड्यापाड्यांतल्या शाळांवर जात, तेव्हा ती सायकलच्या दांडीला लटकत असे. पार्काच्या गेटवर बाहेरचं पाणी आत नेऊ देत नव्हते; शिपायाला ही पर्स वाटली म्हणून सुटली.

तिनं बूच काढून म्हातारीच्या तोंडावर पाणी मारलं. ओला रुमाल मानेला लावला. मग ओंजळीत धार धरली. बाई घटाघटा प्यायल्या, आणि डोळे उघडून पहिलं वाक्य बोलल्या, ते मराठीत.

"मेली नाही ना मी?"

"नाही मावशी," तो म्हणाला, "तिकिटाचे पैसे वसूल झाल्याबिगर तू कायची मरतं?"

नीलिमाला हसू आलं. "तुमी मराठी हाय?"

"भीमपूरचे." त्यानं कपाळावरचा घाम मनगटानं पुसला. "मी खुशाल. ही माही सखूमावशी."

"मंग तेलगूत काऊन ओरडत होते? मराठीत मागतलं असतं तरी कोनी दिलं असतं."

तो जरा ओशाळला. "सवय हाय. लहानपनी शाळेत मराठीत पानी मागतलं का सर देतच नव्हते. 'तेलगूत बोल, मंग जा' म्हनत. तवापासून मले तहान तेलगूतच लागते."

"आन् भूक?"

"भूक मराठीत. भाकर घरीच भेटे ना."

सखूमावशी आता सावरल्या होत्या. त्यांनी नीलिमाला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "कोनाची वं तू, माय?"

"नागोराव मास्तरांची. आदिलाबादच्या."

"आडनाव?"

"मावशी, आधी दम तं घे," खुशाल घाईनं म्हणाला.

नीलिमानं आडनाव सांगितलं. नानांनी शिकवलं होतं तसं, मान वर करून, सरळ. मावशींची नजर छागलीवर गेली. नीलिमाच्या हातातली छागल तशीच तिरकी राहिली, धार धरायला तयार. मावशींनी ओंजळ पुढं केली... आणि मग तीच ओंजळ मोडून त्यांनी छागलच हातात घेतली, तोंडाला लावली.

"ह्या पान्याले चव हाय," पदरानं तोंड पुसत त्या म्हणाल्या. "इकतच्या बाटलीतल्यावानी पिलास्टिकचं नाही, खुशाल."

खुशालनं मान खाली घातली, पण त्याचं हसू नीलिमाला दिसलं.

पत्र्याच्या शेडखाली एक बाक होता. तिथं नीलिमाची आई, जयवंताबाई, सगळ्यांच्या चपला आणि पिशव्या राखत बसली होती. ही सहल शिक्षण खात्याच्या ऑफिसची. नानांच्या जागी नीलिमाला तिथं नोकरी लागली होती, आणि हेडक्लार्क केशवरावांनी मायलेकींना बळंच बसमध्ये बसवलं होतं. 'किती दिवस घरात कोंडून घेता, वहिनी? चला, पान्याची जत्रा पाहून येऊ.' सकाळी निघताना नीलिमानं खुंटीवरची छागल काढली. वर्षभर कोरडी लटकलेली ती पिशवी पाणी भरताच सगळीकडून गळायला लागली. आई ती नुसती पुन्हापुन्हा भरत राहिली. बस आली तोवर किंतान फुगलं, छिद्रं मिटली, गळती थांबली.

मावशी आईच्या शेजारी टेकल्या आणि दोघींची पाचच मिनिटांत गट्टी जमली.

"तुमी नाही गेल्या पान्यात?" मावशींनी विचारलं.

"साडीवर जाऊ देत नाही म्हन्ते. नायलनचे कपडे भाड्यानं घ्या म्हन्ते."

"पाहले मी ते कपडे. माह्या सुनंनं मले त्याच्यात पाहलं, तं भीमपुरात दवंडी पिटंल."

आई हसली नाही, पण तिच्या तोंडाची एक कड हलली. नीलिमानं ते पाहिलं. खुशालनं नीलिमाला ते पाहताना पाहिलं.

पिण्याच्या पाण्याच्या नळावर ही लांब रांग होती. छागल अर्धी झाली होती, म्हणून दोघं भरायला गेले. खुशाल तिच्या उन्हाच्या बाजूनं उभा राहिला. मुद्दाम की सहज, कळेना. पण त्याची सावली बरोबर तिच्या चेहऱ्यावर पडत होती, आणि ती सरकली की सावलीही सरकत होती.

"एक गोष्ट इचारू?" तो म्हणाला.

"इचारा."

"मी पानी मागतलं, ते पन्नास लोकांनी ऐकलं. वळल्या तुमी एकट्याच. आन् अशा वळल्या का..."

"कशा?"

"जसं कोनी लय दिवसानं भेटलं."

नीलिमा नळाकडं पाहत राहिली. "कान तिखट हाय माहे."

"खोटं."

"तुमी तेलगूचे मास्तर, का पोलीस?"

तो खरंच तेलगूचा मास्तर निघाला. इथूनच जवळ, निर्मलच्या हायस्कूलवर. मराठी घरातला पोरगा तेलगू पोरांना तेलगूचं व्याकरण शिकवतो, म्हणून स्टाफरूममध्ये सगळे त्याची मजा घेतात. तो सांगत होता, ती हसत होती. वर्षभरानं ती असं हसत होती... आणि हसता हसता तिला एकदम भीती वाटली.

ती भीती कुणाला सांगण्यासारखी नव्हती. नानांचा फोटो होता, चष्मा होता, छागल होती. आवाज मात्र कुठंच ठेवलेला नव्हता. तो फक्त तिच्या कानात होता. रोज रात्री निजताना ती मनातल्या मनात ती हाक वाजवून पाही — निळू... — आणि ती अजून आहे याची खात्री करून मगच डोळे मिटी. दुसऱ्या कुणाच्या तोंडी ते नाव गेलं तर? नानांचा आवाज पुसला जाऊन त्या जागी दुसराच आवाज बसला तर?

"सांगा ना," खुशाल म्हणाला. आता थट्टा नव्हती.

रांग हलत नव्हती. ऊन हलत नव्हतं. समोरचा माणूस डोक्यावर ओला टॉवेल घेऊन उभा होता, त्याचं पाणी टपटप खाली पडत होतं आणि पडता पडताच वाळत होतं.

"माहे वडील मले निळू म्हनत," ती हळूच म्हणाली. "निळा रंग आपला, पोरगीही आपली, म्हनून निळू. ते गेल्यापासून कोनी म्हनलं नाही. तुमी पानी मागतलं, आन् मले वाटलं..."

वाक्य तिथंच राहिलं. खुशालनं ते पुरं करायचा प्रयत्न केला नाही. तो म्हणाला, "मंग तो शब्द मी तुमच्यापुढं नाही काढनार. तो तुमच्या बाबांचा हाय."

आणि तो शब्दाला जागला. दुपारभर जागला. एकदा लाटांच्या तलावाच्या काठाशी, जिथं साडीला कुणी हटकत नव्हतं, चौघंही घोट्याएवढ्या पाण्यात उभे राहिले, मावशी आणि आई एकमेकींचे हात धरून; लाट आली तशी मावशी किंचाळल्या आणि आईच्या गळ्यातच पडल्या. खुशालनं नीलिमाकडं पाहिलं. त्याच्या पापण्यांवर पाण्याचे थेंब होते. "तुमची ओढनी भिजली, मॅडम," तो म्हणाला. शेडखाली भाकरी-ठेचा सोडला, तेव्हा त्याला ठसका लागला. डोळे लाल झाले, हात छागलीकडं गेला, ओठ उघडले... आणि मिटले. मग त्यानं घसा खाकरून, पाहुण्यासारखं म्हटलं, "पानी द्या, मॅडम."

तिनं पाणी दिलं.

हेच तर तिला हवं होतं ना? नाव जपलं गेलं होतं. मग तो 'मॅडम' तिला असा का खुपावा? पलीकडं पाण्याची पाकिटं विकणारा पोऱ्या 'नीळ्ळू, नीळ्ळू' ओरडत फिरत होता, आणि ती वळत नव्हती. कान मात्र एका माणसाच्या ओठांकडं लागले होते. तो तहानलेला राहील, पण मागणार नाही... हे तिला कळत होतं, आणि कळून आणखीच सोसवत नव्हतं.

ऊन उतरलं तशी केशवरावांची शिट्टी वाजली. बसच्या सावलीत सगळे गोळा झाले. मावशींनी आईला भीमपूरला यायचं आवतण दिलं, बोटं मोडून नीलिमाची दृष्ट काढली. नीलिमा खिडकीशी बसली. छागल खिडकीच्या गजाला लटकवली. तिच्यातून झिरपणारा गारवा गुडघ्याला लागत होता.

खुशाल खिडकीखाली येऊन उभा राहिला. दिवसभराच्या उन्हानं त्याचा चेहरा रापला होता, ओठ सुकले होते.

"बरं मंग, मॅडम..."

"तहान नाही लागली तुमाले?" तिनं विचारलं.

तो थबकला. "लागली ना."

"मंग मागा."

"पानी..."

"असं नाही." तिनं गजावरचा हात घट्ट केला. इंजिन सुरू झालं होतं, सगळी खिडकी थरथरत होती. "तुमाले ज्या भाषेत तहान लागते, त्या भाषेत मागा."

तो तिच्याकडं पाहत राहिला. त्याला कळलं. कळल्याचं त्याच्या डोळ्यांत आधी आलं, ओठांवर नंतर.

"नीळ्ळू..." तो म्हणाला.

अगदी हळू. शेवटी किंचित रेंगाळून.

नीलिमानं डोळे मिटले आणि भीत भीत कानात ऐकून पाहिलं. नानांचा आवाज होता. जिथं होता तिथंच होता, सायकल टेकवत. जरा सरकून त्यानं बाजूला जागा करून दिली होती, एवढंच.

"घ्या सर, नीळ्ळू," म्हणत केशवरावांनी पुढच्या खिडकीतून पाण्याचं पाकीट फेकलं. ते खुशालच्या खांद्यावर आपटून फुटलं. मागून आणखी दोन आली. अख्खी बस हसायला लागली. तो ओलाचिंब तसाच उभा.

शेजारी आई बसली होती. तो शब्द तिनंही ऐकला होता. पिशवीची गाठ बांधणारे तिचे हात थांबले होते. तिनं लेकीकडं पाहिलं, मग खिडकीखालच्या त्या भिजलेल्या पोराकडं.

"पानी मागून राह्यला ना तो?"

"हो, आई."

"मंग दे. मागनाऱ्याले नाही म्हनू नये. तुह्ये नानाच म्हनत."

नीलिमानं गजावरची छागल सोडली आणि खिडकीतून खाली दिली. त्याच्या बोटांना तिची बोटं लागली. छागलीचा गारवा दोघांच्या हातांत होता.

"रोज भरत जा," ती म्हणाली. "कोरडी पडली का गळते."

"आन् परत कवा करू?"

"आदिलाबादले आनून द्या. भरून."

बस हलली. लाल धुरळा उठला, पार्काच्या घसरगुंड्या मागं पडल्या. हायवेवर चढण्याआधी धुरळ्यातून हाक आली. आता मोठ्यानं, अगदी गळा ताणून —

"नीळ्ळू..."

"काय तहान हाय ह्या मास्तराले," केशवराव म्हणाले. आणि आई हसली. पदर तोंडाला न लावता, खळखळून.

नीलिमा वळली. सकाळी ती चुकून वळली होती.