पुलावरून मारलेली हाक

ही गोष्ट खरी आहे. यात मी पदरचं काही घातलेलं नाही.

रस्मिनी माझ्या बायकोची थोरली बहीण. बरंचसं तिच्याच तोंडून ऐकलं, आणि शेवटचं तर माझ्यासमोरच घडलं. गेल्या वर्षीचा जून. देनपसार शहरातला मोठा कलामहोत्सव, आणि अर्धचंद्र रंगमंचावर बायकांच्या वाद्यवृंदांची जुगलबंदी.

आमचं गाव तिथून दूर, बांगली जिल्ह्याच्या डोंगरात. जिल्ह्याकडून वाजवायचा मान गावाला पहिल्यांदाच मिळाला होता. बायका घरची कामं आटपून रोज सभामंडपात तालमीला बसायच्या.

रस्मिनीताईच्या शेजारी विराती बसायची. दोघींची जोडी.

आमची काशाच्या पट्ट्यांची, हातोड्याने वाजवायची वाद्यं जोडीनेच बनतात. त्यातलं एक मुद्दाम जरासं चढं लावतात. दोन्ही एकदम वाजली की सूर थरथरतो. सुरात जीव आला, असं आम्ही म्हणतो. एकटं वाजलं तर सूर सरळ निघतो... आणि मुका वाटतो.

विराती कोपर उचलून वाजवायची. सुदर्सा गुरुजी तिला रोज टोमणा मारायचे, "विराती, वाजवतेस की कोंबड्या हाकलतेस?" ती हसायची आणि कोपर आणखी वर न्यायची.

महोत्सवाच्या थोडे दिवस आधी तालमीहून घरी जाताना तिची स्कूटर घसरली. बांबूच्या बनातल्या पुलावर. तिचं घर पुलाच्या पलीकडे, हाकेच्या अंतरावर.

देह रीतीप्रमाणे आधी पुरला; दहन आमच्याकडे मागाहून होतं. पण एक गोष्ट राहिली.

असा अपघाती जीव गेला की तो त्याच जागी अडकतो. तिथे जाऊन त्याला नावाने हाक मारायची, घरी चल म्हणायचं, आणि ताटातल्या नैवेद्यामागून वाट दाखवत घरापर्यंत आणायचं. त्याशिवाय दहनाला अर्थ नाही. पण तो विधी केला की वाजवणाऱ्यांना पुन्हा सुतक, आणि सुतकात देवाच्या वाद्यांना हात लावायचा नाही.

गुरुजींनी विरातीच्या आईला विनवलं. महोत्सव होईपर्यंत थांबा.

म्हातारी म्हणाली, "थांबते. पण माझी पोर तिथे एकटी बसलीय, एवढं ध्यानात ठेवा."

विरातीच्या जागी पूर्णामीला बसवलं. नुकतीच लग्न होऊन गावात आलेली, शांत मुलगी. हात बरा होता, पण द्रुत लयीत दर वेळी गडबडायची.

महोत्सवाच्या दिवशी ट्रक निघाला तेव्हा सूर्य डोक्यावर आला होता. भर दुपारी आमच्याकडे शहाणी माणसं वाट चालत नाहीत. पण देनपसारला वेळेत पोचायचं होतं.

पूल आला. चालकाने रिवाजाप्रमाणे भोंगा वाजवून वाट मागितली आणि गाडी हळू केली. बायकांनी माना खाली घातल्या.

रस्मिनीताईचं लक्ष नव्हतं. ती पूर्णामीच्या अंबाड्यात फुलं खोवत होती. आजवर कुठेही वाजवायला निघालं की विराती याच पुलावर गाडीत चढायची, आणि ताई दर वेळी ट्रकच्या फळीवर थाप मारून तिला हाक मारायची.

सवयीने हात फळीवर गेला.

"विराती, चल गं. चढ लवकर."



 ताईने तोंडावर हात ठेवला. पण बाण सुटून गेला होता.

गाडी थांबली नाही. कोणी चढलं नाही.

पण फळीवर बसलेल्या बायका जराजरा सरकल्या... एकामागोमाग एक... कोणालातरी जागा करून द्यावी तशा.

नंतर विचारलं तेव्हा एकीलाही ते आठवत नव्हतं.

देनपसारला पोचल्यावर सगळ्यांनी तो विषय टाळला. जत्राच होती. शेगड्यांचा धूर, खेळणीवाले, पोरांचा गलका. तिन्हीसांजेला बायका रंगरंगोटी करायला गेल्या आणि वाद्यांपाशी ताई एकटी राहिली.

हात मोकळा करावा म्हणून तिने आपल्या वाद्यावर एक घाव घातला.

सूर थरथरला.

शेजारचं वाद्य कोणी वाजवलं नव्हतं. तिथे कोणी नव्हतंच.

ताईने आपली पट्टी बोटांनी दाबून सूर बंद केला...

शेजारची पट्टी वाजतच राहिली.

तिने गुरुजींना गाठून सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. पण समोर पायऱ्यापायऱ्यांवर माणसं भरली होती, जिल्ह्याची मोठी मंडळी पुढे बसली होती. पुजाऱ्यांकडून तीर्थ शिंपडून घ्या आणि आता वाजवा, एवढंच ते म्हणाले.

वाजवायला सुरुवात झाली. पहिला भाग नीट गेला. मग द्रुत लय आली. इथे एकीच्या दोन घावांमधल्या फटीत दुसरीचा घाव पडावा लागतो. एक जरी चुकली तरी सगळं उघडं पडतं.

ताईने डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं.

पूर्णामीचा हातोडा मांडीवर होता. ती गोठल्यासारखी समोर बघत होती.

आणि फटी... एकूण एक भरत होत्या.

ताई वाजवत राहिली. थांबलं तर काय होईल, याची तिला जास्त भीती वाटली. थोड्या वेळाने पूर्णामीने हातोडा उचलला आणि न चुकता शेवटपर्यंत वाजवलं.

कोपर उचलून.

लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. गुरुजी खाली मान घालून उभे होते.

महोत्सव संपला आणि पुलावर विधी ठरला. मीही होतो. विरातीच्या आईच्या हातात ताट होतं. गावातली बालियान, म्हणजे अंगात घेऊन बोलणारी म्हातारी, बराच वेळ डोळे मिटून बसली.

मग म्हणाली, "इथं कुणी नाही. हिला आधीच कुणीतरी बोलावून नेलंय. आणि नेणाऱ्याने घरी सोडलेली नाही."

ताईला रडू फुटलं. तिने सगळ्यांसमोर कबूल केलं. विरातीची आई तिला एका शब्दाने बोलली नाही. चल, जिथे नेलीस तिथे दाखव, एवढंच म्हणाली.

देनपसारचा रंगमंच आता रिकामा होता. केर तेवढा उरलेला. वाजवणाऱ्या सगळ्या बायका आल्या होत्या. पूर्णामी शेवटी, छत्री धरून उभी होती. ताईने नैवेद्य मांडला आणि हाक मारली.

"विराती, चल गं. घरी चल."

काही नाही.

पुन्हा हाक मारली. काहीच नाही.

तिसऱ्यांदा...

"ओ, आले."

स्वयंपाकघरातून द्यावी तशी साधी ओ. ती पूर्णामीने दिली होती. आम्ही सगळे वळलो तेव्हा तीच दचकून विचारत होती, काय झालं, सगळे माझ्याकडे का बघताय?

बालियान म्हणाली, आली, निघा. ताट उचललं, विरातीच्या घरापर्यंत नेलं. रीतीप्रमाणे दहनही झालं. गावाला वाटलं, सुटलो.

पण पूर्णामी आता नावाने हाक मारली तर वळून बघत नाही. दोन-तीनदा हाक मारावी लागते. तालमीत कधी चुकत नाही. आणि तालीम संपली की पाय आपसूक पुलाच्या दिशेने वळतात. तिचा नवरा दारू नाही, भांडण नाही, असा सरळ माणूस. गेल्या महिन्यात तो ताईच्या पाया पडला.

"ताई, तुम्हीच बोलावलंत. आता तुम्हीच तिला जा म्हणा. माझी बायको मला परत द्या."

ताईने केळीच्या पानांवर नैवेद्य काढला, आणि त्याच संध्याकाळी विरातीची आई तिच्या दारात आली. मी ओसरीवर बसलो होतो, प्रत्येक शब्द ऐकला.

"ती रोज माझ्याकडे येते," म्हातारी म्हणाली. "माझे केस विंचरते. मला आई म्हणते. रस्मिनी, बाई, तू आता कुणालाच हाक मारू नकोस."

ताईने तो नैवेद्य तसाच झाकून ठेवला.

नवरा रोज येऊन विचारतो, कधी? ताई त्याला उद्या म्हणते. उद्याचा परवा होतो. तिच्या जागी मी असतो तर काय केलं असतं, मला खरंच सांगता येत नाही.