उठवणारा मजकूर

मराठी वृत्तपत्रांच्या दोनशे वर्षांच्या वाटचालीत वाचकाला खऱ्या अर्थाने पानाच्या मध्यभागी आणून बसवण्याचं श्रेय सांगलीच्या दैनिक 'वारणाकाठ'कडे जातं, असं मानपत्रात म्हटलं होतं. मानपत्राचा मजकूर 'वारणाकाठ'चे मुख्य मांडणीकार उदय चौगुले यांनीच लिहून दिला होता. पुरस्कार देणाऱ्या संस्थेला वेळ नव्हता, आणि उदयची सगळी माहिती उदयलाच होती.

'वारणाकाठ' कागदावर निघायचा बंद होऊन दीड वर्ष झालं होतं. आता प्रत्येक वर्गणीदाराकडे एक जुळतं पान असे. रुमालासारखी घडी होणारं, दुधाळ रंगाचं एकच पान; पहाटे पाचला त्यात अंक उतरायचा. वरच्या कडेला मोहरीएवढे सात ठिपके होते, त्यांना कचेरीत नजरटिपे म्हणत. वाचकाची नजर कुठे थबकते, कुठून घसरते हे ते टिपायचे आणि दुसऱ्या दिवशीचा अंक त्या नजरेबरहुकूम जुळून यायचा. एका घरात पहिल्या पानावर कुस्ती, भिंतीपलीकडच्या घरात द्राक्षाची फवारणी. नवरा-बायकोत पेपरावरून होणारी भांडणं थांबली, कारण दोघांचा पेपर एक राहिला नाही.

यात उदयची स्वतःची भर एका नियमाची होती. जी बातमी वाचून वाचक पान खाली ठेवतो आणि उठतो, ती म्हणजे उठवणारा मजकूर. असा मजकूर त्या वाचकापुरता लहान करायचा आणि मागे सरकवायचा. या एका नियमाने सरासरी वाचनवेळ अकरा मिनिटांवरून सव्वीसवर गेला. पुरस्कार त्यासाठीच होता.

पुरस्कारानंतरच्या बुधवारी सकाळी शालन कचेरीत आली. रंगूतात्या तांदळ्यांची मुलगी. तात्यांनी 'वारणाकाठ'मध्ये पस्तीस वर्षं पानं जुळवली होती, शिशाच्या खिळ्यांपासून संगणकापर्यंत. रकाना कशाला म्हणतात हे उदयला त्यांनीच शिकवलं होतं.

"बस. तात्या बरे आहेत ना?" उदयने विचारलं.

शालन उभीच राहिली. "दादा, तात्या शनिवारी गेले. सोमवारी रक्षाविसर्जन झालं. तुमच्याच पेपरात दिलं होतं की."

उदयच्या हातात चहाचा कप होता. तो कुठे ठेवावा हे त्याला कळेना.

"घाटावर आम्ही नऊ जण होतो," शालन म्हणाली. "त्यात एक भटजी, आणि एक माणूस चुकून आलेला. फोन करायचे तर नंबर सगळे तात्यांच्या फोनात, आणि तो त्यांच्याच अंगठ्यावर उघडायचा. म्हटलं, पेपरात आलंय, तर प्रेसमधली माणसं येतीलच. आई तेव्हापासून एकच म्हणतेय, जन्मभर माणसं जोडली म्हणायचे, कुठं गेली ती? पण मी भांडायला नाही आले. येत्या सोमवारी नऊला दहावा आहे, त्याचं द्यायचंय. या वेळी चौकट जरा मोठी टाका. बारकी होती म्हणून दिसली नसेल."

"हल्ली लोकांना वेळच नसतो, शालन," उदय म्हणाला.

"हो, ते आहेच," असं म्हणून ती मजकूर देऊन गेली. तिने लगेच मानलं, हे उदयला फार लागलं.

त्याने तात्यांच्या निधनवार्तेची नोंद उघडली. ती एक्केचाळीस हजार पानांवर उतरली होती. जतकडच्या एका वाडीत तर ती ठळक अक्षरांत तिसऱ्या पानावर आली होती आणि लोकांनी ती शांतपणे पूर्ण वाचली होती, कारण तात्या कोण हे तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं. दोनशे बारा वाचकांपुरती मात्र ती टिकलीएवढी होऊन शब्दकोड्याच्या मागे गेली होती. त्या दोनशे बारांत सगळी जुनी प्रेस होती. तात्यांचे पूर्वीच्या घराचे शेजारी होते. उदय चौगुले होता.

यंत्राचं काही चुकलं नव्हतं. निधनवार्तेत ओळखीचं नाव दिसलं की या भागातला माणूस पान ठेवतो आणि चपला शोधतो. यंत्राच्या लेखी तो वाचक गेला. कोण उठेल हे त्याला जुन्या नजरांवरून कळत होतं, आणि जितकं नातं जवळचं तितकी बातमी ते लांब नेत होतं. हे उदयने त्याला मन लावून शिकवलं होतं.

मग त्याने दीड वर्षात आपल्यापासून मागे सरकलेली निधनवार्तांतली नावं मागवली. सात निघाली. सातवं नाव त्याच्या जुन्या मित्राचं, बापू कोरगावकरचं. बापू फोन घेत नाही म्हणून उदय आठ महिने त्याच्यावर रुसून होता, आणि ते त्याने चारचौघांत बोलूनही दाखवलं होतं.

त्याने शालनला फोन लावला आणि सगळं सांगितलं. नियम कुणाचा तेही सांगितलं.

ती म्हणाली, "म्हणजे, आले असते?"

"आले असते."

"मग हे आईला तुम्ही येऊन सांगा. मी सांगितलं तर तिला वाटेल, मी समजूत घालतेय."

तो गेला. काकूंनी ऐकून घेतलं, आणि तो काय सांगतोय यापेक्षा तो जेवलाय का याची चौकशी जास्त केली. त्याला शिव्या चालल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी तो संपादक सबनीसबाईंकडे गेला. निधनवार्तांना नियम लावू नये, एवढंच मागणं होतं.

"पुरस्काराची शाल अजून खुर्चीवर आहे तुमची," बाई म्हणाल्या. "मालकांना काय सांगू? ज्यासाठी सत्कार केला तेच काढतोय?"

"माणसं मेलेली कळत नाहीत, बाई."

"मला कळतंय. तुम्ही बसवलंत तेव्हाच कळायला हवं होतं, तुम्हालाही आणि मलाही." त्यांनी चष्मा काढला. "एक दिवस. सोमवार. एकच पान. आणि मला काही माहीत नाही."

सोमवारी पहाटे 'वारणाकाठ'चं तिसरं पान एक्केचाळीस हजार घरांत एकसारखं उतरलं. उजवीकडे वर निधनवार्ता, पहिल्या चौकटीत रंगूतात्या, त्यांच्याखाली दहाव्याची वेळ.

नऊ वाजता घाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. माणसं घरच्या कपड्यांत आली होती, एकाच्या गालावर दाढीचा साबण होता. शालनची आई एकेकाला नावाने ओळखत होती आणि शालनकडे बघत होती. पायरीवर दोन जुने मशीनमन बोलत होते.

"तुला कधी कळलं?"

"आत्ता, तासाभरापूर्वी. विठू नाही आला?"

"विठू दिवाळीतच गेला की."

"कुणी सांगितलं नाही ते."

"मला वाटलं, कळूनही आला नाहीस. म्हणून बोलत नव्हतो तुझ्याशी."

तो म्हातारा खाली बसला. मग त्याने मागे उभ्या असलेल्या उदयला विचारलं, "चौगुले, तुम्ही पेपरातले. आणखी कोण कोण गेलंय?"

उदयला ते सांगता आलं असतं.

त्या सोमवारी 'वारणाकाठ'चा सरासरी वाचनवेळ सव्वीस मिनिटांवरून एकोणीसवर आला. मंगळवारी तिसऱ्या पानाला नियम पुन्हा लागू झाला. तो उदयनेच लावला. कचेरीत दुसऱ्या कुणाला ते येत नव्हतं.