आत दोघं

हसतोस काय आदित्य? फाइल उघडी टाकलीस, प्रोग्रॅम आपटला, आणि वर दात काढतोयस! स्वरूपा, तो दिवा जरा कमी कर गं. वादळाने गाड्या बंद आहेत, सकाळपर्यंत तुम्ही दोघं इथे तोक्योजवळ, उरायासुत, या भानुकाकाकडेच अडकलाय, तर ऐका. आणि ही ऐकीव गोष्ट नाही हं. संजीव माझ्याच हाताखाली होता, नागोयात.

दोन हजार एकोणीसचा ओबोन. आपला पितृपंधरवडा, तसा या जपान्यांचा ओबोन. गेलेली माणसं घरी भेटीला येतात म्हणे. सोळा ऑगस्ट, शुक्रवारची रात्र. म्हणजे त्यांना परत पाठवायची रात्र. जपानी मंडळी सगळी गावी, त्यामुळे ड्यूटी अर्थातच आपल्या माणसाच्या गळ्यात. जेवण होतंय तोच फोन आला. मोटारीचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत मेनफ्रेमवरचं रात्रीचं काम बंद पडलं होतं. संजीवची बायको वैभवी, तिचे दिवस भरलेले. "तासाभरात येतो," म्हणून हा टॅक्सीत बसला.

दुखणं साधंच होतं. एका प्रोग्रॅमने फाइल उघडली आणि बंदच केली नाही, की पुढच्याला ती मिळत नाही, तो आपटतो. संडासात कुणी कडी लावून बसावं ना, तसं. ती फाइल जबरदस्तीने बंद करायची, काम पुन्हा चालू करायचं आणि घरी यायचं.

मशीनरूमचे नियम मात्र कडक. मोबाइल बाहेर लॉकरमध्ये, म्हणून वैभवीकडे गार्डचा नंबर दिलेला. बूट काढून कंपनीच्या सपाता घालायच्या. आणि आत एकट्याने राहायचं नाही. आत जायचं तर दोघांनी कार्ड लावायचं, निघायचं तर दोघांनी. का, तर आदल्या वर्षी ओगावासान म्हणून एक म्हातारे ऑपरेटर ओबोनच्या सुट्टीत आत एकटेच काम करता करता गेले. सुट्टी संपल्यावर सापडले. घरी वाट बघणारं कुणी नव्हतं हो बिचाऱ्यांना.

संजीव दाराशी पोचला. गार्डला हाक मारायच्या आधी त्याने सहज आपलं कार्ड लावून पाहिलं, तर दार उघडलं. सुट्टीमुळे नियम सैल केला असेल, असं त्याला वाटलं. शहाणाच की नाही!

आत मरणाचा गारठा. फाइल कुणाच्या नावावर उघडी आहे ते त्याने पाहिलं. ओगावा. जुनं खातं काढायचं राहून गेलं असेल म्हणाला, फाइल बंद केली, काम सुरू केलं. थोडं चाललं आणि आपटलं. फाइल उघडी. ओगावा. पुन्हा बंद केली. पुन्हा उघडी.

"गेलं खड्ड्यात," म्हणून तो उठला. निदान वैभवीला फोन करून यावं. दाराला कार्ड लावलं. लाल दिवा. पुन्हा लावलं. लाल. दिव्याखाली आकडा दिसायचा, आत किती माणसं आहेत त्याचा.

दोन.

त्याने भिंतीवरचा, फक्त गार्डला लागणारा फोन उचलला. गार्ड अगदी अदबीने म्हणाला, "संजीवसान, तुमच्याबरोबर आहेत त्यांनाही कार्ड लावायला सांगा ना."

"अहो, मी एकटाच आहे!"

"ते कसं शक्य आहे? एकट्याला दार उघडतच नाही. आत कुणीतरी आधीच होतं, म्हणून तर तुम्हाला आत घेतलं."

"तुम्ही या! तुमचं कार्ड लावा!"

"मी येऊन काय होणार? एकाला मागे एकटं ठेवून ते दार उघडत नाही. आणि... तुमच्या घरून फोन होता. पत्नीला कळा सुरू झाल्यात."

फोन हातातून सुटला. त्याने दारावर लाथा घातल्या. बुक्क्या मारल्या. ओरडला. दार जाड. आवाज आतल्या आतच.

मग मागे...

सपाता.

फरशीवर घासत. सावकाश. म्हाताऱ्या माणसाच्या.

याच्या पाठीशी येऊन थांबल्या.

वळून बघायची छाती नाही. रडायलाच लागला पोरगा. घाबरलेल्या माणसाला कुठलं जपानी सुचतंय? ऑफिसातून निघताना आपण एकमेकांना म्हणतो ना, तसं मराठीतच म्हणाला, "ओगावासान, पुरे झालं हो काम. माझी बायको घरी एकटी आहे. चला... चला, घरी जाऊ."

त्याने डोळे घट्ट मिटून घेतले...



टिक.

कार्ड लागल्याचा आवाज. याचं कार्ड याच्या मुठीत होतं.

त्याने आपलं लावलं. हिरवा दिवा. सपाता तिथेच टाकल्या, बूट हातात घेतले आणि मोज्यांवर पळाला. टॅक्सी पकडून घरी आला, त्याच टॅक्सीने वैभवीला घेऊन दवाखाना गाठला. उजाडता उजाडता मुलगी झाली. नुपूर. मायलेकी सुखरूप. मशीनवर काम आपोआप पुरं झालेलं होतं, फाइल बंद. पुन्हा कधी ती उघडी राहिली नाही.

काय गं स्वरूपा, हुश्श केलंस? थांब.

वैभवी दवाखान्यात होती तोवर संजीव आमच्याकडेच झोपायचा. फ्लॅट बंद, किल्ली त्याच्या खिशात. बाळाला घरी आणलं तेव्हा बॅगा घेऊन मीच बरोबर होतो. दार उघडलं. बूट काढायच्या जागेवर कंपनीच्या सपाता होत्या. एक जोड. टाचा घराकडे, टोकं दाराकडे. जपानी माणूस कुणाच्या घरात शिरला, की पायातलं असंच फिरवून ठेवतो.

असल्याला कुणी 'चला घरी' म्हणतं का रे!

वैभवी बाळाला घेऊन आत गेलीसुद्धा. तिने पाहू नये म्हणून मी त्या झटकन उचलल्या.

आतून गरम होत्या.