मागची पाटी

काम तसं साधं होतं. बाबांची गाडी विकायची, पण त्याआधी तिच्यावरचा नंबर काढून आमच्या नावावर राखून ठेवायचा. हा क्रम चुकला की नंबर गाडीबरोबर जातो. डेन्झिलमामाचं तसंच झालं. त्याच्या नावाचा नंबर लावून आता प्लिमथचा कुणी दातांचा डॉक्टर फिरतो, आणि मामा नाताळच्या जेवणातसुद्धा त्याचा उद्धार करतो.

बाबांचा नंबर होता P45 COE. चाराला ए म्हणा, पाचाला एस, की आमचं आडनाव: पॅस्को. एकच कोट बारा हिवाळे वापरणारा माणूस, त्याला ही हौस कुठून आली, म्हणून आम्ही फार चिडवायचो त्यांना. सप्टेंबरात दवाखान्यात ते शेवटचं धड बोलले तेही त्या नंबराबद्दलच. "केरा, तो नंबर सोडायचा नाही हं." मी मान हलवली. आईनंही हलवली.

डिसेंबरातली दुपार होती. आई फॅल्मथला मावशीकडे. बॉडमिनच्या माळाला लागून असलेल्या आमच्या घरात मी एकटी, आणि पाच वाजता ट्रेलोर नावाचे गृहस्थ गाडी न्यायला येणार होते. अडीचला मी संगणकावर अर्ज भरला. एक बटण दाबलं आणि नंबर राखला गेला. खालच्या ओळीत लिहिलं होतं, गाडीला तिचा मूळ नंबर परत मिळाला आहे: WK03 LVN. तो कागदपत्रांत आधीच सापडला होता, म्हणून त्याच्या दोन पाट्या मी सकाळीच करून आणल्या होत्या. पुढची पांढरी, मागची पिवळी.

साडेतीनला कोठारात गेले तेव्हा बाहेर धुकं उतरलं होतं. गाडीचं तोंड आत, पाठ दाराकडे. नवी पिवळी पाटी मी दाराशी टेकवून ठेवली, पांढरी बाकावर, आणि मागचे स्क्रू फिरवायला बसले.

बाबांची पाटी निघाली. तिच्याखाली काळी टेप होती. एकावर एक थर, कडा दाबून दाबून बसवलेल्या. मी नखानं सोलत गेले. आतून माळावरच्या दलदलीचा वास आला, कुजलेल्या गवताचा. शेवटच्या थराखाली जुनी पाटी होती. WK03 LVN. वीस वर्षं टेपखाली राहूनही ती ओली होती.

खिशातला फोन वाजला आणि माझ्या हातातला स्क्रूड्रायव्हर पडला.

"झालं का गं?" आई.

"झालं. आई, बाबांनी जुनी पाटी काढलीच नव्हती. वरून टेप मारून..."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"आई?"

"मागची का पुढची?"

"मागची. का?"

"तू तेव्हा चार वर्षांची होतीस," ती हळू बोलायला लागली. "असंच धुकं होतं. घराकडच्या रस्त्यावर गाडीला काहीतरी लागलं म्हणाला तुझा बाबा. उतरून पाहिलं, दिवा घेऊन पाहिलं, कुणी नव्हतं. एक बूट होता बाईचा. पोलिसांनी दोन दिवस माळ शोधला. मग घरी फोन यायला लागले. एक बाई... नुसता आपल्या मागच्या पाटीवरचा नंबर वाचायची. अर्धवट. शेवटचं अक्षर तिला आठवायचं नाही. ह्यानं नंबर बदलला आणि फोन थांबले."

"आणि हे तू मला आज सांगतेस?"

"मला वाटलं, सोडायचा नाही म्हणजे विकताना सोडायचा नाही. गाडीवरून काढायचाच नाही, हे नाही कळलं."

"मलाही तेच वाटलं."

बाहेर खडीवर पाऊल वाजलं. मग काहीतरी मऊ. परत पाऊल.

"आई, कुणीतरी आलंय."

"केरा, तो नंबर परत लाव. आत्ता."

दार अर्धवट ओढलेलं होतं आणि जमिनीपासून वीतभर वर होतं. त्या फटीत एक बूट येऊन थांबला. त्याच्या शेजारी नुसता मोजा, चिखलानं काळा झालेला.

"गाडी बघायला आले होते, पोरी."

आवाज म्हातारा होता, मायाळू म्हणावा असा. मी बाबांची पाटी उचलली. भोकं जुळेनात.

"डब्ल्यू..." बाहेरून आलं. "के..."

एक स्क्रू जमिनीवरच्या पेंढ्यात गेला. दुसरा लागला.

"शून्य... तीन..."

फोनमध्ये आईचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

"एल... व्ही..."

पाटी तिरकी होती. मी दोन्ही तळव्यांनी ती दाबून धरली, डोळे मिटले, आणि तशीच बसून राहिले. दलदलीचा वास माझ्या अगदी मानेपर्यंत आला.

"नाही," आवाज म्हणाला. त्यात राग नव्हता. दमलेला होता. "ही नव्हे."

पाऊल. मऊ. पाऊल.

तिथेच बसून, एका हातानं पाटी धरून, मी फोनवर नंबर परत गाडीच्या नावावर चढवला. मग ट्रेलोरांना कळवलं की गाडी विकायची नाही. "तुम्ही माळावरची माणसं, तुमचं काही खरं नाही बघा," ते म्हणाले. मी हो म्हटलं.

गाडी अजून आमच्याकडेच आहे. दर हिवाळ्यात मी टेप तपासते.

पण त्या संध्याकाळी गाडीमागून उठले तेव्हा पांढरी पाटी बाकावर होती आणि दाराशी टेकवलेली पिवळी नव्हती. शेवटचं अक्षर तिच्यावर स्पष्ट छापलेलं होतं.

आता धुक्यात बाबांच्या गाडीतून घरी येताना, त्याच रस्त्यावर कधीकधी पुढे एक पिवळी पाटी दिसते. माणसाच्या चालीनं जाते, छातीइतक्या उंचीवर. तिच्या दोन्ही बाजूंना लाल दिवे नसतात. मी मागेच राहते. ओलांडून पुढे गेले, तर माझी मागची पाटी तिला दिसेल.