घर रिकामं

दुपारी अडीचला तिने धूर मोजायचं यंत्र पत्र्याच्या पेटीत ठेवलं आणि ती खोलगटातल्या शेवटच्या घराकडे निघाली. काम नेहमीचंच. टेकडीवरचा वाळका पाला दर वर्षी ठरवून जाळायचा, म्हणजे उन्हाळ्यात वणवा लागत नाही. पण वारा पडला की धूर पाण्यासारखा खाली खोलगटात उतरतो. म्हणून आधी घरोघर दार वाजवायचं, दमेकऱ्यांना गाडीत बसवून पाठवायचं, आणि मगच टेकडीवरच्या मुकादमाला ‘पेटवा’ म्हणायचं. सगळे तिला मीटरबाईच म्हणत.

शेवटच्या घराला कुलूप होतं. गेल्या वर्षीपासूनच.

गेल्या वर्षी तिने हेच दार तीनदा वाजवलं होतं. ओ आली नाही म्हणून वहीत ‘घर रिकामं’ लिहिलं आणि पाठ फिरवली. आतली म्हातारी गुडघ्यांनी अधू. काठी टेकत दारापर्यंत यायला तिला वेळ लागायचा. तिसऱ्या दिवशी ती दाराशीच सापडली. फटीत ओला पंचा कोंबलेला, त्याचं एक टोक अजून मुठीत. चौकशीत मीटरबाईने सांगितलं, “मी बराच वेळ थांबले होते, साहेब.” सगळ्यांनी ते मानलं.

फोनवर मुकादम हसला. “लिहा की रिकामं. यंदा तर खरंच रिकामं आहे.”

तिने यंत्र ओट्यावर मांडून चालू केलं. हात दाराकडे कसा गेला, तिचं तिलाच कळलं नाही. तिने तीनदा वाजवलं.

आत काठी वाजली. ठक... मग पाय फरफटल्याचा आवाज. पुन्हा ठक...

“बाई, चारला वारा पडेल. त्याआधी पेटवू का?”

“थांबा जरा. कोणीतरी येतंय दाराशी...”

“बाहेरून कुलूप आहे ना?”

“आहे.”

“मग ऊन लागलंय तुम्हाला. मी पेटवतो.” फोन बंद झाला.

काठी दारापलीकडे येऊन थांबली. लाकडाला तोंड लावून बोलावं तसा आवाज आला.

“चौकशीत काय सांगितलंस?”

“बराच वेळ थांबले... असं.”

“मग थांब.”

पाय जमिनीत रोवल्यासारखे झाले. वर पाला तडतडू लागला. वारा उलट्या दिशेचा होता, तरी धूर टेकडी उतरून सरळ या ओट्याकडे आला. यंत्रावरचा आकडा भराभर चढला. डोळे चुरचुरले, छातीत काटे भरले. तिने कुलपाला हिसके दिले. तेवढ्यात दाराखालच्या फटीत काहीतरी सरकलं. ओला पंचा. आतून कोणीतरी तो सावकाश, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, नीट कोंबत होतं.

“आजी, मी थांबले नव्हते,” ती खोकत म्हणाली. “वाजवलं आणि गेले. सांगेन मी... सगळ्यांना सांगेन...”

पाय सुटले. यंत्र पेटीत टाकून ती धडपडत चढण चढली.

वर मुकादमाने पाण्याची बाटली पुढे केली, पाठोपाठ वही. “एवढा वेळ? कोण होतं खाली?”

शब्द ओठांशी आले होते. पण नोकरी डोळ्यांसमोर आली, साहेबांचा चेहराही.

“कोणी नव्हतं,” ती म्हणाली. “घर रिकामं.” आणि सही केली.

घरी आल्यावर तिने पेटीची कडी घातली आणि ती खाटेखाली सरकवली. यंत्र बंद करायचं राहिलं, हे सकाळी कडी काढल्यावर लक्षात आलं. रात्रभराची नोंद ती वाचू लागली. बंद पेटीत आकडा कधीच खाली यायला हवा होता. पण तो चढत होता, उतरत होता, पुन्हा चढत होता. झोपलेल्या माणसाच्या छातीसारखा, मधूनच अडखळत.

फक्त शेवटच्या ओळी वेगळ्या होत्या. तिने कडीला हात लावला, त्या क्षणापासूनच्या. तिथून आकडा जागचा हलला नव्हता. कोणी दाराला कान लावून श्वास रोखून धरावा, तसा.